पडून असलेल्या रुग्णाची कूस कशी बदलावी, पाठ कशी जपावी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षी वॉर्डात पाऊल टाकलं की मुलामुलींचा सगळा ओढा इंजेक्शन आणि सलाईनकडे असतो. ते शिकायला पुढे भरपूर वेळ आहे. पहिल्या दिवसापासून तुमच्या हातून रुग्णाचं भलं होऊ शकेल असं काम म्हणजे पडून असलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलणं आणि त्याची पाठ नीट बघणं. कूस सगळेच बदलतात. बघायचं मात्र राहून जातं, आणि बेडसोर (सतत पडून राहिल्याने दाबाखालच्या कातडीला होणारी जखम) वाढतो तो त्यामुळेच. घरी आजीआजोबांना सांभाळणाऱ्यांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली गेली की तिथला रक्तपुरवठा अडतो. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो. लकवा झालेल्या किंवा बेशुद्ध माणसाला ते जमत नाही. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल, तर टाच दुखतेय हेच कळत नाही. त्यात लघवी-घामाचा ओलावा आणि ओढताना होणारी घसट यांची भर पडली की कातडी लवकर फाटते. म्हणून माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि कान या जागा तोंडपाठ हव्यात.

आधीची तयारी

हात साबणाने 40 ते 60 सेकंद धुवा; सॅनिटायझर असेल तर 20 ते 30 सेकंद चोळा. पडदा ओढा. मग रुग्णाला सांगा, "बाबा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेतोय हं." तो बेशुद्ध असला तरी सांगा. त्याला ऐकू येत नाही असं आपण ठरवायचं नाही.

कॉटच्या चाकांना ब्रेक लावा आणि कॉट आपल्या कंबरेइतकी उंच घ्या, नाहीतर तुमचीच कंबर धरेल. कॅथेटर (लघवीची नळी), सलाईन, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) कुठून कुठे गेली आहे ते पाहून सैल करा. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर जाऊ देऊ नका. मणक्याला मार असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर वॉर्डातल्या सिस्टरना विचारल्याशिवाय हात लावू नका. त्या रुग्णांना वळवायची रीत वेगळी असते.

डाव्या कुशीवर घेताना

1. दोघांनी ड्रॉ शीट (रुग्णाच्या अंगाखालची आडवी चादर) धरून रुग्णाला आधी कॉटच्या उजव्या कडेकडे सरकवा. हे केलं नाही तर वळल्यावर तो डाव्या कडेवर येतो. सरकवताना उचला, फरफटवू नका.
2. त्याचा डावा हात अंगापासून थोडा दूर ठेवा, उजवा हात छातीवर घ्या आणि उजवा गुडघा वाकवा.
3. तुम्ही डाव्या बाजूला उभे राहा. एक हात त्याच्या उजव्या खांद्यावर, दुसरा उजव्या खुब्यावर ठेवून एका लयीत आपल्याकडे वळवा. जोडीदार पलीकडेच थांबेल.

आता घाई करू नका, पाठ समोर आली आहे. माकडहाडावर बोट ठेवून तीन सेकंद दाबा आणि सोडा. लाली पांढरी होऊन परत आली तर ठीक. जी लाली दाबूनही जात नाही, ती बेडसोरची पहिली पायरी. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसतच नाही. जागा आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट वाटते. म्हणून तळहाताची मागची बाजू लावून पाहा: जागा गरम आहे का, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का? चादरीची घडी, पोळीचा चुरा, सुईचं विसरलेलं टोपण, मांडीखाली अडकलेली नळी हेही याच वेळी सापडतं.

पाठ कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडी करा. लाल झालेली जागा कधीही चोळू नका. आतल्या ऊतींना त्याने आणखी इजा होते. पूर्वी स्पिरिट आणि पावडर लावायची पद्धत होती. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि पावडरचे घामात गोळे होतात, तेव्हा दोन्ही टाळा.

उशा लावताना

रुग्णाला पूर्ण आडवा कुशीवर ठेवला की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंशांवर तिरपा ठेवा. एक उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, एक वरच्या हाताखाली. खालचा खांदा हलकेच पुढे ओढून घ्या, कान दुमडलेला नाही ना ते बघा. पोटरीखाली उशी अशी द्या की टाचा अधांतरी राहतील. रबरी रिंग किंवा कापडी चुंबळ वापरू नका. तिच्या कडेने उलट रक्तपुरवठा अडतो. जाताना कठडा वर करा आणि घंटा हाताशी ठेवा.

डोक्याकडची बाजू फार उंच केली की रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडाची कातडी ताणली जाते. रायल्स ट्यूबने फीड दिल्यावर मात्र डोकं उंच हवंच. तेव्हा गुडघ्यांकडचा भागही थोडा उचला.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी असं शिकवतात. लाली लवकर दिसत असेल तर त्याहून आधी बदला. एअर मॅट्रेस आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. डायपर ओला झाला की लगेच बदला, आणि डाळ, अंडं, दूध यांतलं काय व किती पोटात जातंय तेही विचारा, कारण प्रथिनांवाचून कातडी भरून येत नाही.

बेडसोरचा धोका मोजायला 1987 सालापासून ब्रेडन स्केल वापरात आहे: सहा बाबी, 6 ते 23 गुण. इथे गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि 18 किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं. परीक्षेत मुलं नेमकी इथेच उलटं लिहितात.

शेवटी चार्ट भरा. "पोझिशन बदलली" एवढ्याने पुढच्या पाळीच्या सिस्टरला काही कळत नाही. असं लिहा: "दु. 2 वा., डावी कूस. माकडहाडावर 2 सें.मी. काळपट डाग, गरम, कातडी शाबूत. सिस्टरना कळवलं." कातडी सोलवटलेली, फोड आलेला, पू, दुर्गंधी किंवा काळा पडलेला भाग दिसला तर हळद-पावडर काही न लावता तिथूनच सिस्टरना हाक मारा, घरी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.