बालवाडी शिक्षिका व्हायचंय? कोर्स निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी फी भरायची आणि संस्थेच्या मान्यतेची चौकशी नंतर करायची. दरवर्षी जून आला की हेच.

बारावीला चांगले गुण असलेल्या एका मुलीने एक वर्षाचा एनटीटी (नर्सरी शिक्षक प्रशिक्षण) कोर्स केला. संस्थेच्या फलकावर ठळक अक्षरांत ‘शासनमान्य’, ऑफिसात आयएसओचं प्रमाणपत्र आणि खाली सोसायटीचा नोंदणी क्रमांक. पुढे केंद्रीय विद्यालयाच्या बालवाटिकेतल्या (पहिलीआधीच्या वर्गांतल्या) कंत्राटी जागेसाठी मुलाखतीला गेली आणि कागदपत्रं तपासतानाच बाद झाली. तिथे बारावीला ५० टक्के आणि एनसीटीईची (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची) मान्यता असलेल्या संस्थेतून किमान दोन वर्षांचा पूर्वप्राथमिक डिप्लोमा किंवा नर्सरीचं बी.एड. लागतं. वर्ष गेलं, पैसे गेले, आणि तो डिप्लोमा पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ आली.

आयएसओ, सोसायटी किंवा उद्योगाची नोंदणी यांपैकी काहीच शिक्षक प्रशिक्षणाची मान्यता नाही. म्हणून प्रवेशाआधी संस्थेकडे एनसीटीईचा मान्यता आदेश मागा. पहिलं पान बघून परत देऊ नका. अभ्यासक्रमाचं नाव डीपीएसई (पूर्वप्राथमिक शिक्षणाचा डिप्लोमा) आहे ना, की डी.एल.एड.चा (पूर्वीच्या डी.एड.चा) आदेश दाखवून दुसराच वर्ग चालवतात, ते पाहा. प्रवेशक्षमता किती आणि मान्यता कोणत्या सत्रापासून, तेही वाचा. मग एनसीटीईच्या संकेतस्थळावरच्या यादीत तेच नाव, तोच पत्ता शोधा. आदेश दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या ठिकाणी एक रुपयाही भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

‘सहा महिन्यांत शिक्षिका बना’ या जाहिरातींना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार दिला जातो. त्या धोरणातला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कार्यक्रम बारावी किंवा पुढे शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी आहे, म्हणजे ज्या आधीच मुलांसोबत काम करतात त्यांच्यासाठी. नवख्या मुलीला तो डिप्लोमाऐवजी चालत नाही. तीन वर्षांचं मूल रडत दारातच बसलं तर काय करायचं, हे प्रत्यक्ष वर्गात उभं राहूनच कळतं. म्हणूनच डीपीएसईत वर्गातल्या तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरीची अट आहे. ‘हजेरी आम्ही लावू’ म्हणणारी संस्था तुमचं नुकसानच करते.

डी.एड. झालंय म्हणून बालवाडी आपोआप जमेल, असं धरू नका. ते प्रशिक्षण पहिलीपासूनच्या वर्गांचं, आणि टीईटीही (शिक्षक पात्रता परीक्षा) पहिली ते आठवीसाठी असते.

अंगणवाडी सेविकेचं पद वेगळं आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून त्याला किमान बारावी लागते. साधारण १८ ते ३५ वयाची आणि स्थानिक रहिवासी असण्याची अट आहे. जागा मानधनी आहे. माहेरच्या पत्त्यावरचा रहिवासी दाखला जोडून सासरच्या गावच्या जागेला अर्ज करणाऱ्या कितीतरी जणी पहिल्याच चाळणीत बाद होतात.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. बारावीची गुणपत्रिका एका नावाची आणि आधार दुसऱ्या नावाचं असलं, तर भरतीच्या शेवटच्या आठवड्यात तलाठी कार्यालय आणि सेतू केंद्राच्या खेपा ठरलेल्या.