अडुळशाचा अर्क आणि श्वसनरोगांचे जिवाणू : नवसंशोधकांसाठी काही अनुभव

साताऱ्यात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी श्वसनरोगांच्या जिवाणूंवर वनस्पतींच्या अर्काचा परिणाम तपासण्याच्या प्रकल्पासाठी अडुळसा, भुईरिंगणी आणि भारंगी या वनस्पती निवडल्या. अडुळसा शेताच्या बांधावर सहज मिळतो, कारण गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी कामाला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नावर थांबावे, असे मला मनापासून वाटते : खोकल्यावर अडुळशाचा गुण येतो तो जंतू मरतात म्हणून, की अन्य काही कारणाने?

अडुळशाच्या पानांतील व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त रसायनावरून) ब्रोमहेक्सिन आणि पुढे अँब्रॉक्सॉल ही औषधे विकसित झाली. ही दोन्ही कफ पातळ करतात. प्रतिजैविके म्हणून ती दिली जात नाहीत. त्यामुळे अडुळशाच्या अर्काभोवती पेट्रीडिशमध्ये जिवाणूंची वाढ थांबली नाही, तरी त्यावरून पारंपरिक उपयोग खोटा ठरत नाही. शिवाय सर्दी बहुतांशी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंना वाढण्यासाठी जिवंत पेशी लागत असल्याने अगारवरची (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावरची) चाचणी त्यांच्याविषयी काहीच सांगू शकत नाही.

वनस्पती फुलांसह गोळा करून, हर्बेरियम शीट (वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना) तयार करून तिची ओळख तज्ज्ञांकडून पक्की करून घ्यावी. कासचे पठार 2012 पासून जागतिक वारसास्थळांत आहे. तेथील एक पानही खुडू नये. जिवाणू मात्र चंडीगढच्या एमटीसीसीसारख्या मान्यताप्राप्त सूक्ष्मजीव-संग्रहातून महाविद्यालयामार्फत मागवावेत आणि मार्गदर्शकांच्या देखरेखीखालीच हाताळावेत.

अगारमध्ये अर्काभोवती जिवाणू न वाढल्याने दिसणारे स्वच्छ वर्तुळ किती मिलिमीटरचे आले, यावरच अनेकांचा प्रकल्प संपतो, याची मला खंत वाटते. हे वर्तुळ घटकाच्या प्रभावाइतकेच तो अगारमध्ये किती पसरतो यावरही अवलंबून असते, म्हणून दोन वनस्पतींची तुलना त्यावरून करता येत नाही. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये अर्काची मात्रा टप्प्याटप्प्याने निम्मी करत नेऊन किमान प्रतिबंधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढावी. हिरव्या अर्कामुळे जिवाणूंच्या वाढीने येणारा गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, तेव्हा रेझाझुरिन हा रंग वापरावा; जिवाणू जिवंत असतील तर त्याचा निळा रंग गुलाबी होतो. मात्र अर्क स्वतःच तो रंग बदलत नाही ना, हे जिवाणूविरहित खळग्यात तपासावे, आणि केवळ डीएमएसओ (अर्क विरघळवण्याचे द्रावक) घातलेला खळगा तसेच माहीत असलेले प्रतिजैविक प्रत्येक प्लेटवर ठेवावे.

कच्च्या अर्काची किमान प्रतिबंधक मात्रा मिलिलिटरला 1 मिलिग्रॅमच्या वर गेली, तर मी त्याला आशादायक म्हणणार नाही. 100 मायक्रोग्रॅमच्या आत आली, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. तरीही टॅनिन हे वनस्पतींतील तुरट घटक प्रथिनांना चिकटून बसतात आणि त्यामुळे अर्क प्रभावी असल्याचा भास होऊ शकतो. म्हणून टॅनिन काढलेल्या अर्कावर तीच चाचणी पुन्हा करावी, मानवी पेशींना तो किती विषारी आहे हे पाहावे, आणि त्यानंतरच अर्काचे भाग वेगळे करण्याचा खर्च करावा.