स्वयम्‌चा फॉर्म भरण्याआधी दहावीचं मार्क्सकार्ड समोर ठेवा

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पीयूसीपासून, म्हणजे अकरावी-बारावीपासून, सगळं इंग्रजी आणि कन्नड. सध्या एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे. एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षी केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून, म्हणजे स्वयम्‌वरून एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांच्या उपक्रमाचा) 12 आठवड्यांचा कोर्स केला, चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि तरीही त्याचे डिग्रीत धरले जाणारे क्रेडिट वेळेत जमा झाले नाहीत. अभ्यासात कमी पडले असते तर एवढं लागलं नसतं. सगळं घोडं अडलं ते नावावर. आजही एखादी मुलगी बसस्टँडवर उभ्या उभ्या मोबाइलवर परीक्षेचा फॉर्म भरताना दिसली की मी तिला थांबवते.

कोर्स कसा शोधायचा, व्हिडिओ कसे बघायचे हे तुम्हाला सांगायला नको. एवढंच ध्यानात ठेवा की कोर्सला नाव घालणं फुकट असतं आणि परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो. त्याची मुदत वेगळी, फी वेगळी. माझ्या वेळी हजार रुपये होती. कोर्सला जो ईमेल दिला तोच या फॉर्मलाही द्यायचा.

आता नावाचं. आपल्या सीमाभागात एका माणसाची तीन-तीन नावं असतात. माझ्या दहावीच्या मार्क्सकार्डावर आधी आडनाव, मग माझं नाव आणि शेवटी वडिलांच्या नावाचं एक अक्षर. यूयूसीएमएसवर, म्हणजे कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या प्रवेश-निकालाच्या पोर्टलवर, प्रवेश घेताना तेच उतरलं. मधल्या काळात लग्न झालं. रेशनकार्डात नाव घालायचं म्हणून सासरच्यांनी आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लावून घेतलं. जीमेलवर मात्र पीयूसीत असताना मैत्रिणीने उघडून दिलेलं, नुसतं माझं नाव आणि माहेरचं पाटील, तेही डबल ई घालून. फॉर्ममध्ये हे जीमेलचंच नाव आलेलं होतं. मी ते वाचलं, माझंच आहे म्हटलं आणि पुढे गेले.

सेंटर हुबळीला आलं. पहाटेची लाल बस धरली. कर्नाटकात बायकांना बस फुकट असते, त्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट काढताना कंडक्टरला दाखवलं तेच आधारकार्ड सेंटरच्या दारात दाखवलं. तिथल्या सरांनी हॉलतिकीट आणि आधार शेजारी शेजारी धरलं, एक-एक अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि मला बाजूला उभं केलं. बाकीची मुलं आत जात होती. पर्समध्ये कॉलेजचं ओळखपत्र होतं, त्यावर निदान पाटील होतं, म्हणून शेवटी आत सोडलं. पहिली पंधरा मिनिटं माझा हात थरथरत होता.

सर्टिफिकेटवर फॉर्ममधलं नाव जसंच्या तसं छापून येतं. ते ऑफिसात नेलं तेव्हा क्लार्कने यूयूसीएमएसवरचं नाव दाखवून ते परत केलं. क्रेडिट ज्या अकॅडेमिक बँकेत (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) जमा व्हायचे ते खातं डिजिलॉकरमधून उघडतं, म्हणजे तिथे आधारचं नाव. तिन्ही तीन दिशांना. स्टॅम्पपेपरवर अ‍ॅफिडेव्हिट, लग्नाचा दाखला, पत्रिका, काय काय जोडलं. तोवर सेमिस्टर निघून गेलं.

म्हणून दहावीचं मार्क्सकार्ड, आधार आणि यूयूसीएमएसचं पान आधी टेबलावर ठेवा आणि अक्षरं ताडून बघा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की एक अक्षर, पाटीलला आय की डबल ई. मार्क्सकार्ड बदलायला फार यातायात आहे, म्हणून बाकीचं त्याच्याशी जुळवा. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. माझी एक खेप लग्नात गेली होती. मुलींनो, लग्न ठरलं असेल तर शिक्षण संपेपर्यंत आधारला हात लावू देऊ नका. घरच्यांना वाईट वाटेल, तरी सांगा. आणि नावं आधीच वेगळी झाली असतील तर घाबरू नका, फॉर्मच्या आधी महिनाभर हातात असेल तर हे जुळतं.

अभ्यासाचं थोडक्यात सांगते. असाइनमेंटला 25 आणि परीक्षेला 75 मार्क. पासिंग दोन्हीकडे वेगळं, 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30. टेलिग्रामवर येणारी उत्तरं उतरवून कुणी 25 पैकी 25 आणले आणि परीक्षेत 28 पडले, तर बेरीज 53 होऊनही सर्टिफिकेट मिळत नाही. ती उत्तरं मला साफ नापसंत आहेत. दर आठवड्याला स्वतः चुकलेलं परीक्षेत आठवतं, उतरवलेलं आठवत नाही. शिवाय 12 असाइनमेंटपैकी सर्वांत चांगल्या 8 धरतात. रोप लावणीत एखादा आठवडा गेला, गणपतीत एखादा गेला, तरी बिघडत नाही. इंग्रजी जड वाटलं तर बघा, काही कोर्सचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतो. मी कन्नडमधला वाचत असे, कारण विषयाचे शब्द वर्गात त्याच भाषेत कानावर पडलेले.

यूजीसीच्या 2021 च्या नियमाने सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम्‌वरून घेता येतात, पण आपल्या विभागाने तो कोर्स मान्य केलाय का हे आधी लेखी विचारा. तोंडी ‘हो, चालतंय’ वर विसंबू नका. सल्ला घ्यायचा तर वरच्या मार्कांचं गोल्ड सर्टिफिकेट मिळवलेल्याकडे जाण्यापेक्षा ज्याचं काहीतरी अडकलं होतं त्याच्याकडे जा. त्याला ऑफिसची प्रत्येक खिडकी ठाऊक असते.

माझ्यासारखे शिकवणारेही हे कोर्स करतात, कारण 12 आठवड्यांचा कोर्स दीड आठवड्याच्या एफडीपीइतका, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाइतका, धरला जातो. गेल्या जुलैच्या सत्राला मी पुन्हा बसले. या खेपेला फॉर्म भरताना शेजारी सहकारी मॅडमना बसवलं, मार्क्सकार्डवरचं नाव त्यांनी एक-एक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी टाइप केलं.