मोहफुलांचा एक धडा, चार भाषा: मेळघाटातील जोडवर्गासाठी

धारणी-चिखलदऱ्याकडील लहान शाळांत पाचवी ते सातवीची मुले अनेकदा एकाच खोलीत बसतात. त्यांची घरची भाषा कोरकू, कोणाची गोंडी, कोणाची वऱ्हाडी असते आणि शिकायच्या भाषा मराठी, हिंदी व इंग्रजी असतात. अशा वर्गात प्रत्येक भाषेचा धडा निराळा घेण्याऐवजी आठवड्याचा विषय एकच ठेवावा आणि त्यावर कोणी कोणत्या भाषेत किती बोलावे-लिहावे, हे मुलागणिक ठरवावे.

मार्च-एप्रिलमध्ये मुले पहाटेच मोहफुले वेचायला जातात. गैरहजेरीची तक्रार आपण दरवर्षी करतो. त्यापेक्षा मोहफुलांचाच धडा करावा. पहिल्या दिवशी मुलांनी घरच्या भाषेत नुसते सांगावे. शिक्षकाला कोरकू येत नसल्यास सातवीतील एखाद्या मुलीने ते मराठीत सांगावे. त्या तासापुरती तीच शिक्षिका असते, हे मान्य करायला थोडे जड जाते. मग दहाएक शब्द निवडून तक्त्यावर चार रकाने आखावेत. कोरकूचा रकाना देवनागरीत आणि सर्वांत आधी असावा.

व्याकरण याच शब्दांतून काढावे. दोन मुलांनी टोपली धरून तिसऱ्याला ‘आम्ही फुले वेचली’ असे म्हणावे; मग तिसऱ्यानेही टोपलीला हात लावावा आणि वाक्य ‘आपण फुले वेचली’ असे होते. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद कोरकूतही असल्याने त्या मुलांना तो चटकन कळतो. हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वी’ मात्र दोन्हीकडे चालतात. शब्दक्रमासाठी ‘मी’, ‘फुले’, ‘वेचते’ अशा चिठ्ठ्या जमिनीवर मांडाव्यात. कोरकू, मराठी, हिंदी या तिन्हींत क्रियापद शेवटी येते; इंग्रजीसाठी एकच चिठ्ठी मधे सरकवावी लागते. ती मुलानेच सरकवावी.

लिहिण्याचे प्रमाण सारखे नसावे. हिंदी नव्यानेच सुरू झालेल्या पाचवीतील मुलाने चित्राखाली दोन हिंदी शब्द लिहिले तरी पुरे. सातवीकडून मात्र इंग्रजीतही तीन-चार वाक्ये घ्यावीत.

‘घरची बोली शाळेत कशाला?’ असे पालक विचारतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हणते, हे सांगावेच; पण त्यांचे समाधान बहुधा मुलाने चारही रकाने त्यांच्यासमोर वाचून दाखवल्यावर होते. म्हणून तक्ता पालकसभेपर्यंत काढू नये.