टोमॅटोची रोपं कोलमडायची, ती कशी थांबली

पावसाळ्यात आमच्या बाल्कनीत ऊन जवळपास नसतंच, म्हणून टोमॅटो-मिरचीचं बी मी घरातच ट्रेमध्ये लावते. उगवायचं झकास. पण मग मातीलगतचा देठ पाणचट, बारीक व्हायचा आणि एकेक रोप आडवं पडायचं. हा मर रोग. पिथियमसारख्या बुरशीला ओल आणि कोंदट हवा मिळाली की झालंच.

औषधापेक्षा पाणी द्यायची पद्धत बदलल्याने जास्त फरक पडला. वरून झारीने पाणी बंद. ट्रे परातभर पाण्यात ठेवायचा, ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वरपर्यंत ओलं दिसलं की काढायचा. वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. कोंब दिसताच झाकलेलं प्लास्टिक काढलं आणि टेबलफॅन अगदी मंद, भिंतीकडे तोंड करून लावला.

रोपं उंच, फिकट होत होती, त्यासाठी साधी पांढरी एलईडी ट्यूब वीतभर उंचीवर, रोज १४-१५ तास. रोपांसाठी मिळणाऱ्या महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज मला तरी वाटली नाही.

बाहेर नेताना आधी सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, आठवड्याभरात पूर्ण ऊन. मिरचीला थोडे दिवस जास्तच द्या.