पायथॉनच्या क्लासमध्ये रिकामी लिस्ट कुठे लिहायची

पायथॉनमध्ये क्लासच्या अंगातच, कोणत्याही मेथडच्या बाहेर, रिकामी लिस्ट किंवा डिक्शनरी लिहून ठेवू नका. क्लासचा तो भाग एकदाच चालतो, त्यामुळे लिस्टही एकच तयार होते आणि सगळे ऑब्जेक्ट तीच वापरतात. एका विद्यार्थ्याच्या ऑब्जेक्टमध्ये सेल्फवरून (सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) अपेंड करून, म्हणजे लिस्टच्या शेवटी जोडून, गुण टाकले, की दुसऱ्याच्या यादीतही तेच गुण दिसतात. एरर येत नाही, म्हणून हा बग सापडायला वेळ लागतो.

फसगत होते ती आकड्यांमुळे. क्लासमध्ये लिहिलेल्या शून्याच्या जागी सेल्फवरून पाच ठेवले, तर त्या ऑब्जेक्टपुरतं नवं अॅट्रिब्यूट (ऑब्जेक्टवर नावाने ठेवलेली किंमत) तयार होतं आणि सगळं सुरळीत वाटतं. अपेंड मात्र नवं काही बनवत नाही, आहे तीच लिस्ट बदलतं.

उपाय सोपा आहे: लिस्ट इनिट मेथडमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना दरवेळी चालणारी मेथड), सेल्फ लावून तयार करा. शंका असेल तर दोन ऑब्जेक्टच्या लिस्ट ‘इज’ने ताडून पाहा, उत्तर ट्रू आलं तर लिस्ट सामायिक आहे. डेटाक्लास (इनिट मेथड आपोआप लिहून देणारी पायथॉनची सोय) वापरत असाल तर डिफॉल्ट म्हणून थेट लिस्ट दिल्यास पायथॉन स्वतःच व्हॅल्यूएरर देऊन अडवतो. तिथे डिफॉल्ट फॅक्टरी द्या, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नवी लिस्ट बनते. सगळ्यांना मिळून एकच यादी खरोखर हवी असेल, तेव्हा ती खुशाल क्लासवर ठेवा.