घरमालक तातडीची दुरुस्ती लांबणीवर टाकत असतील, तर या चुका टाळा

छतावर ओल उमटते, सांडपाण्याची वाहिनी तुंबते किंवा स्विचबोर्डमधून ठिणगी उडते, तेव्हा भाड्याच्या घरात राहणारा माणूस घरमालकांना फोन करतो आणि ‘बघतो’, ‘माणूस पाठवतो’ या उत्तरावर विसंबून राहतो. पुढचे आठवडे कसे जातात, हे ज्याने सोसले आहे त्याला वेगळे सांगायला नको. काही घरमालक खर्च टाळण्यासाठी चालढकल करतात, हे खरेच आहे. परंतु पुष्कळदा दुरुस्ती रखडते ती बिघाडाचे गांभीर्य त्या घरात न राहणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर आलेलेच नसते म्हणून. ते गांभीर्य लेखी स्वरूपात आणि तारखेनिशी मांडण्याचे काम भाडेकरूलाच करावे लागते, आणि नेमके तेच आपण करत नाही.

केवळ फोनवर सांगून थांबणे

ही चूक मी स्वतः केली आहे. सिंकखालच्या भिंतीत पाणी झिरपत होते आणि तीन आठवड्यांत मी घरमालकांना पाच-सहा वेळा फोन केला. प्रत्येक वेळी बोलणे सौजन्याने झाले, पण काम काही झाले नाही. अखेर गळणाऱ्या सांध्याखाली भांडे ठेवून ते किती वेळात भरते याचे चित्रीकरण केले आणि त्यांना पाठवले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी प्लंबर आला. ‘थोडी ओल असेल असे मला वाटले होते’, हे त्यांचे शब्द होते, आणि ते खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. पुढे घर सोडताना त्याच भिंतीला लागून असलेल्या कपाटाची फुगलेली फळी निघाली. मी वेळीच कळवले होते हे दाखवायला पहिल्या तीन आठवड्यांचा एकही कागद माझ्याकडे नव्हता, आणि अनामत रकमेतून कपात झाली.

म्हणून फोन जरूर करावा, पण फोन ठेवल्याबरोबर तेच बोलणे लिहून पाठवावे. मजकूर लांबलचक नसावा. ‘नमस्कार. आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे, बाथरूमच्या छतावर दरवाजापासून साधारण दोन फुटांवर सोमवारपासून पाणी ठिबकत असून ते दिव्याच्या होल्डरपर्यंत पोहोचले आहे. शॉक बसण्याचा धोका असल्याने तो दिवा आम्ही बंद ठेवला आहे. फोटो सोबत जोडले आहेत. उद्या सायंकाळपर्यंत प्लंबर पाठवता येईल का, हे कृपया कळवावे. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर घरी कोणीतरी असेल.’ काय झाले आहे, कुठे आणि कधीपासून आहे, धोका कोणता आहे, केव्हापर्यंत काय हवे आहे आणि घर केव्हा उघडे असेल, हे सगळे यात आले. ‘लवकरात लवकर बघा’ या शब्दांना मुदत नसते. त्यामुळे ती मुदत उलटली असेही कोणाला म्हणता येत नाही.

भाषा शांत ठेवावी. धमकीच्या पहिल्याच वाक्यानंतर चर्चा गळतीवरून हटून बोलण्याच्या पद्धतीवर जाते, आणि गळती तिथेच राहते.

सगळ्याच तक्रारींना तातडीच्या म्हणणे

सैल झालेली कडी, रंगाचे पोपडे आणि उघडी पडलेली वायर एकाच यादीत पाठवली, की वाचणाऱ्याच्या लेखी तिघांची किंमत एकच होते. जीवाला धोका असलेला बिघाड नेहमी स्वतंत्रपणे कळवावा, बाकीच्या गोष्टी मागाहून कळवाव्यात. वास्तूचे झपाट्याने नुकसान करणारे बिघाड दुसऱ्या क्रमांकावर येतात. ओल ही त्यांपैकी सर्वांत फसवी गोष्ट आहे, कारण भिंत चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ओली राहिली तरी बुरशी धरू शकते आणि स्लॅबमध्ये सतत पाणी मुरत राहिले तर आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटते आणि प्लास्टरचे तुकडे खाली पडू लागतात. घरमालकांना हे जरूर समजावून सांगावे. आज सांधा बदलण्याचे असलेले काम काही महिन्यांनी छत दुरुस्त करण्याचे होऊन बसते, ही गोष्ट कोणत्याही मालकाच्या हिताची नसते.

काही प्रसंगी मात्र घरमालकांच्या उत्तराची वाट पाहणे हीच चूक असते. गॅसचा वास आला, तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, ज्योत पेटवू नये, सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा गॅसवाहिनीचा कॉक बंद करावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि आपत्कालीन सेवेला बाहेरून फोन करावा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे चढतो. त्यामुळे उभे असताना वास जाणवत नाही एवढ्यावरून निर्धास्त होणे योग्य नाही.

विजेचेही तसेच आहे. गळता प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे घरगुती उपकरण, म्हणजे आरसीसीबी, बहुधा ३० मिलिअँपिअरसाठी बसवलेले असते. ते वारंवार पडत असेल, तर कुठेतरी विद्युतप्रवाह गळत असण्याची दाट शक्यता असते. ते पुन्हापुन्हा वर करत राहणे किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालून ‘तात्पुरती सोय’ करणे म्हणजे इशारा देणाऱ्याचे तोंड बंद करणे आहे. बोर्ड कोमट लागत असेल, प्लगच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसत असेल किंवा जळकट वास येत असेल, तर मेन स्विच बंद करून मगच फोन उचलावा.

गळती कुठून येते हे न पाहता तक्रार करणे

पाणी दिसते तिथेच गळती असते असे नाही. ते स्लॅबमधून, वाहिनीच्या कडेने किंवा भेगेतून वाट काढत बरेच दूर जाऊन खाली उतरते. त्यामुळे आलेला कारागीर डागाखालची फरशी फोडतो, काही सापडत नाही, आणि घरमालकांचा पुढच्या तक्रारीवरचा विश्वास कमी होतो.

थोडे निरीक्षण केले तर हे टळते. पुरवठ्याच्या वाहिनीत दाब असल्याने तिची गळती रात्रंदिवस चालू राहते. मुख्य कॉक काही तास बंद ठेवल्यावर ठिबकणे मंदावले, तर संशय त्या वाहिनीवर घ्यावा. सांडपाण्याची वाहिनी गळत असेल, तर वरच्या मजल्यावर कोणी अंघोळ केल्यावर किंवा कपडे धुतल्यावर थोड्या वेळाने पाणी वाढते आणि मग ओसरते. केवळ पावसानंतर वाढणारी ओल गच्चीकडे किंवा बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवते. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा ओढावी. एकाबाहेर एक अशा तारखा घातलेल्या रेघांचा फोटो पाहिल्यावर ‘जुना डाग असेल’ असे म्हणायला जागा उरत नाही. वरच्या घराची जबाबदारी आहे की आपल्या मालकांची, हा वादही या नोंदींमुळे लवकर मिटतो.

रागाच्या भरात भाडे थांबवणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दुरुस्ती होत नाही तोवर भाडे देणार नाही, ही भूमिका न्याय्य वाटते, पण आपल्या करारात आणि तिथल्या कायद्यात तशी स्पष्ट मुभा नसेल, तर थकबाकीदार आपणच ठरतो. तक्रार करणारा भाडेकरू एका रात्रीत देणेकरी होतो आणि घर खाली करून घेण्यासाठी मालकांच्या हाती आयते कारण मिळते. काही ठिकाणी भाडेकरूने आधी सूचना देऊन दुरुस्ती करून घेण्याची आणि तो खर्च भाड्यातून वळता करण्याची तरतूद असते, परंतु तिला सूचनेची मुदत, खर्चाची मर्यादा अशा अटी जोडलेल्या असतात. त्या वाचल्याशिवाय एक पैसाही कापू नये. भाडे वेळेवर, बँकेतून किंवा पावती घेऊन देत राहावे. पुढे कोणासमोर दाद मागायची वेळ आली, तर हीच शिस्त आपल्या बाजूने बोलते.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे कोणाला न विचारता काम करून घेणे आणि मग बिल पुढे करणे. नुकसान थांबवण्यापुरते काम, जसे कॉक बंद करणे किंवा फुटलेल्या वाहिनीला तात्पुरता जोड देणे, लगेच करावे आणि लगेच कळवावे. मोठ्या कामासाठी दोन कारागिरांकडून खर्चाचा लेखी अंदाज घेऊन तो मालकांना पाठवावा आणि ‘होय’ हा शब्द लेखी मिळवावा. बदललेला जुना भागही काही दिवस ठेवून द्यावा.

कारागीर आला आणि घराला कुलूप होते, असे एकदा जरी झाले तरी पुढच्या महिन्याभराच्या विलंबाचे खापर आपल्यावर फुटते. ठरलेल्या वेळी कोणीतरी घरी असेल याची व्यवस्था करावी.

पायरी चुकवणे

पहिला लेखी संदेश, मुदत उलटल्यावर त्याच संदेशाचा दाखला देणारी आठवण, आणि त्यानंतर पोच मिळेल अशा टपालाने रीतसर पत्र, हा क्रम साधारणपणे उपयोगी पडतो. धोका मोठा असेल तर या पायऱ्यांमधले अंतर दिवसांचे नव्हे, तासांचे असावे. पत्रालाही उत्तर आले नाही, तर भाडेकरूंसाठीच्या सल्ला केंद्राकडे, स्थानिक प्रशासनाकडे किंवा वकिलाकडे जावे. महिनोन्‌महिने ‘संबंध बिघडतील’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण घर जाण्याची भीती खरी असते; पण अशा वेळी निदान तारखेनिशी नोंदी तरी चालू ठेवाव्यात.

काम झाल्यावर दुरुस्त केलेल्या जागेचा फोटो काढून आभाराच्या संदेशासोबत पाठवावा. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा मात्र लगेच पुसू नयेत. आठ-दहा दिवसांनी ओल शेवटच्या रेघेच्या बाहेर सरकलेली दिसली, तर त्याच दिवशी, त्याच जुन्या संदेशाच्या खाली पुन्हा लिहावे.